स्पर्धेच्या फोटोला कोणता फिल्टर चालतो? क्लिक करण्याआधीपासून फाइल पाठवण्यापर्यंत

१९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन जवळ आला की लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर अशा सगळीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पर्धांची पोस्टरं फिरायला लागतात. विषय बहुतेक ठरलेले असतात: पाऊस, वारसा, शेतकरी, यात्रा, ‘माझा जिल्हा’. आणि पाठोपाठ येणारा प्रश्नही ठरलेला असतो: ‘सर, स्नॅपसीडमधून काढला तर चालंल का?’

स्नॅपसीड हे मोबाइलवर फोटो एडिट करायचं ॲप. याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. त्यातला ‘ड्रामा’ फिल्टर मारलेल्या फोटोला खुल्या विभागात कुणी हरकत घेणार नाही. तोच फोटो निसर्ग विभागात पहिल्या चाळणीतच बाहेर पडेल. स्पर्धेचे नियम फिल्टरचं नाव बघून केलेले नसतात, विभाग बघून केलेले असतात. हौशी स्पर्धांच्या प्रवेशिका चाळायला मी अधूनमधून बसतो. तिथे बाद होणाऱ्या ढिगात चांगले फोटो भरपूर असतात, फक्त ते भलत्या विभागात आलेले असतात किंवा शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी एक बटण जास्तीचं दाबलेलं असतं.

पहिली पायरी: पोस्टरवरची बारीक अक्षरं

बक्षिसाची रक्कम मोठ्या टायपात असते आणि एडिटिंगचा नियम खाली, फोन नंबरच्या आसपास. तो शोधा. स्थानिक स्पर्धांमध्ये साधारण तीन प्रकारची वाक्यं सापडतात.

‘फोटो स्वतः काढलेला व मूळ असावा’ हे वाक्य मालकीबद्दल आहे, एडिटिंगबद्दल त्यात काहीच सांगितलेलं नाही. ‘किरकोळ एडिटिंग चालेल’ म्हणजे क्रॉप, उजेड, कॉन्ट्रास्ट, रंगांची बेताची दुरुस्ती. यापुढचं काही त्यात धरू नका. ‘एडिटिंगला परवानगी नाही’ हे वाक्य सगळ्यात अवघड, कारण मोबाइल क्लिकच्या क्षणीच स्वतःहून बरंच एडिटिंग करून मोकळा होतो. अशा वेळी आयोजकांना सरळ विचारा: क्रॉप आणि ब्राइटनेस चालेल का? विचारताना फोन करू नका, मेसेज करा. उत्तर लेखी असलं की निकालाच्या दिवशी वाद होत नाही.

पोस्टरवर ‘फियाप’ किंवा ‘पीएसए’ची मान्यता लिहिली असेल, तर गोष्ट सोपी होते. ‘फियाप’ ही छायाचित्रण संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना, ‘पीएसए’ म्हणजे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका. विभागांच्या त्यांच्या व्याख्या लेखी आणि काटेकोर आहेत, आणि मान्यता नसलेल्या गावपातळीवरच्या स्पर्धांचे परीक्षकही मनात बहुधा त्याच व्याख्या धरून बसलेले असतात. थोडक्यात चित्र असं:

खुला रंगीत विभाग: तुमच्या फोटोच्या आधारावर जवळपास काहीही करा, फक्त दुसऱ्याचं चित्र किंवा एआयने तयार केलेलं काही त्यात मिसळू नका.

निसर्ग: फोटोत काही घालायचं नाही, काढायचं नाही, हलवायचं नाही. क्रॉप, उजेड, डॉज-बर्न (ठरावीक भाग उजळ किंवा गडद करणं), नॉइज म्हणजे फोटोतले दाणे कमी करणं, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसणं चालतं. एचडीआर (वेगवेगळ्या उजेडाच्या फ्रेम जोडणं) आणि फोकस स्टॅकिंगही (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडणं) चालतं, पण दिसायला नैसर्गिक हवं. पूर्ण कृष्णधवल केलेला फोटो चालतो, इन्फ्रारेड चालत नाही. तुकडे जोडून केलेला पॅनोरामाही या व्याख्येत बसत नाही. ही बाब अनेकांना माहीत नसते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव स्पर्धेत मात्र जोडलेला पॅनोरामा चालतो. म्हणजे एकाच विषयाच्या दोन मोठ्या स्पर्धांचे नियमही सारखे नसतात.

वृत्त आणि प्रवास छायाचित्रण: यांची शिस्त निसर्गासारखीच, किंबहुना जास्त कडक.

क्रिएटिव्ह किंवा प्रायोगिक: इथे दोन फोटो एकावर एक चढवा, आकाश जांभळं करा, सगळं माफ.

विभागच नसतील, नुसता विषय दिला असेल, तर विषय काय मागतो ते बघा. ‘दुष्काळ’ हा विषय वृत्ताच्या जवळचा, ‘पावसाच्या रंगछटा’ खुल्याच्या जवळचा. दुष्काळाच्या फोटोत आटलेल्या विहिरीच्या तळाला भेगा वाढवून दाखवायच्या नसतात, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

दुसरी पायरी: क्लिक करण्याआधी मोबाइलची सेटिंग्ज

निम्मी भानगड इथेच होते. नव्या मोबाइलमध्ये ब्युटी मोड बऱ्याचदा आधीपासून चालूच असतो. तुळजापूरच्या पायऱ्यांवर बसलेल्या सत्तर वर्षांच्या गोंधळ्याचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत येतो, ते त्यामुळे. सुरकुत्याच तर त्या फोटोचं भांडवल होतं. ब्युटी शून्यावर आणा आणि पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांत तपासा.

‘एआय सीन’ किंवा ‘सीन ऑप्टिमायझर’ बंद करा. हे सेटिंग गवत दिसलं की हिरवं, आकाश दिसलं की निळं ओढतं. वॉटरमार्क बंद करा. कोपऱ्यात कंपनीचं नाव छापलेला फोटो बऱ्याच ठिकाणी थेट बाद होतो आणि तो नंतर पुसायला गेलात तर क्लोनिंगचा, म्हणजे शेजारचा भाग उचलून वर चिकटवल्याचा, प्रश्न उभा राहतो. पोर्ट्रेट मोडची पाठीमागची धूसरता सॉफ्टवेअरने केलेली असते. खुल्या विभागात चालते, पण फेट्याच्या तुऱ्याशी, केसांशी, संबळाच्या दोरीशी ती हमखास चुकते आणि परीक्षकाचा डोळा नेमका तिथेच जातो. निसर्ग आणि वृत्त विभागांसाठी पोर्ट्रेट मोड वापरूच नका.

फोनमध्ये रॉ फाइलची, म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलची, सोय असेल तर महत्त्वाच्या फोटोपुरती ती चालू ठेवा. जागा खूप खाते, पण पुढे पुरावा म्हणून तिच्यासारखं दुसरं काही नाही. आणि एक सवय लावून घ्या: चांगली फ्रेम मिळाली की तिच्या आधीचे आणि नंतरचे दोन-चार क्लिक डिलीट करू नका. रॉ नसेल तर ही शेजारची फ्रेमच तुमची साक्षीदार.

तिसरी पायरी: मूळ फाइल बाजूला

एडिटिंगला बसण्याआधी मूळ फोटोची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि कॉपीवरच काम करा. स्नॅपसीडमध्ये साठवताना ‘सेव्ह अ कॉपी’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ निवडा. संगणकावर काम करत असाल तर लाइटरूम, किंवा पैसे न भरता मिळणारे डार्कटेबल आणि रॉथेरपी, मूळ फाइलला हात न लावताच काम करतात. गिंपमध्ये मात्र प्रत स्वतः काढून घ्यावी लागते.

चौथी पायरी: बिनधोक कामं, आणि त्यांचा क्रम

आधी फोटो सरळ करा. वेरूळच्या कैलास लेण्याचे खांब किंवा बीबी का मकबऱ्याचे मिनार कललेले दिसत असतील तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. ‘रोटेट’ बिनधास्त वापरा. ‘पर्स्पेक्टिव्ह’ वापरताना सावध राहा: स्नॅपसीडमध्ये या साधनाला कोपऱ्यात रिकामी राहिलेली जागा स्वतःच भरून काढायची सोय आहे. ‘स्मार्ट’ भरण निवडलेलं असेल तर तिथे जे दगड दिसतात ते राष्ट्रकूटांच्या काळातले नाहीत, ॲपने आत्ता बनवलेले आहेत. तो कोपरा क्रॉप करून टाका.

मग क्रॉप. क्रॉपला जवळपास कुठेच बंदी नाही. २०१० सालची वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतली गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्तेपान रुदिक नावाच्या छायाचित्रकाराला क्रीडा विभागात मिळालेलं बक्षीस काढून घेण्यात आलं. त्याने फोटो प्रचंड क्रॉप केला होता, रंगीताचा कृष्णधवल केला होता, गडद छटा दिल्या होत्या. बक्षीस यातल्या एकाही गोष्टीमुळे गेलं नाही. हातामागून डोकावणारा कुणाच्या तरी पायाचा छोटासा तुकडा त्याने पुसला होता, तेवढ्यापायी गेलं. क्रॉप करून तो पाय फ्रेमबाहेर घालवता आला असता तर त्याचं बक्षीस शाबूत राहिलं असतं.

क्रॉप करताना फाइल किती उरते ते बघा. १२ बाय १८ इंचांचा प्रिंट मागितला असेल तर इंचाला २०० पिक्सेल या रिझोल्यूशनला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. त्याहून कमी उरलं तर क्रॉप आवरता घ्या.

त्यानंतर उजेड. ‘ट्यून इमेज’मधले ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, हायलाइट, शॅडो हे चारही सरकदांडे सगळ्या विभागांत चालतात. पण आपल्याकडच्या काळ्या मातीचा एक त्रास आहे. नांगरलेलं वावर फोटोत गडद येतं, म्हणून शॅडो वर ओढली की त्यात रंगीत दाणे उठतात आणि मातीवर जांभळट झाक चढते. माती काळी दिसली तरी चालतं, ती काळीच आहे. दहा-पंधराच्या पुढे शॅडो नेऊ नका आणि नेलीच तर जांभळट भागातलं सॅच्युरेशन ‘सिलेक्टिव्ह’ने उतरवा.

व्हाइट बॅलन्स (उजेडामुळे फोटोवर चढणारी पिवळी-निळी झाक) दुरुस्त करणंही सर्वत्र मान्य आहे. पण ‘बरोबर’ म्हणजे पांढरंफेक नव्हे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवच्या शिवारात उन्हं उतरताना कडब्याच्या कोपीवर जो सोनेरी उजेड पडतो तो ‘ऑटो’च्या एका टिचकीत नाहीसा होतो आणि अंबिलीचं मडकं दवाखान्यातल्या ट्यूबलाइटखाली ठेवल्यासारखं दिसतं. तिथे ऑटो टाळा.

धार आणि नॉइज शेवटी. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे, त्यामुळे तिथले फोटो अंधारात, जास्त आयएसओवर येतात आणि दाणेदार असतात. नॉइज कमी करायला परवानगी आहे, पण सरकदांडा शेवटपर्यंत नेला तर भित्तिचित्रावरचे रंगाचे पोपडे आणि कुंचल्याच्या रेषा सपाट होऊन फ्लेक्ससारखा दिसणारा बोधिसत्त्व हाती येतो. थोडा दाणा राहू द्या. धारेचंही तसंच: ‘डिटेल्स’मधलं ‘स्ट्रक्चर’ चेहऱ्यावर वापरू नका.

पाचवी पायरी: रंग, जिथे सगळ्यात जास्त फोटो बिघडतात

सॅच्युरेशनला नियमात बंदी क्वचितच असते. तरीही गुण सगळ्यात जास्त त्याच्यामुळेच जातात.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेचा फोटो घ्या. भंडाऱ्याची उधळण, हवेत पिवळा धुरळा, त्यातून दिसणारे चेहरे. मोबाइलच्या पडद्यावर पिवळ्याची ताकद आधीच जास्त दिसते. त्यावर सॅच्युरेशन वीस-तीसने वाढवलं की फोटोतले रंग ज्यांतून बनतात त्या लाल-हिरव्या-निळ्या वाहिन्यांपैकी लाल आणि हिरवी वरच्या टोकाला जाऊन आदळतात, निळी तळाला बसते, आणि उडणाऱ्या भंडाऱ्याचा कण न् कण दिसायच्या ऐवजी एकसंध पिवळा पट्टा उरतो. पोत गेला की तो परत आणता येत नाही. गुलाल आणि कुंकवाचं दुखणं आणखी फसवं. तिथे एकटी लाल वाहिनी कापली जाते, आणि साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक असल्याचं दाखवतो. म्हणून ज्या ॲपमध्ये लाल-हिरवा-निळा असे वेगवेगळे आलेख दिसतात तिथे तपासा. तशी सोय नसेल तर फोटो दुप्पट मोठा करून गुलालाच्या भागात पोत दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर सॅच्युरेशन उणे दहा करून हायलाइट उतरवा. रंग कमी केल्याने फोटो जास्त रंगीत वाटतो, हा अनुभव एकदा घेऊन बघाच.

निसर्ग विभागात रंग हा शोभेचा विषय नाही, ती माहिती असते. पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. मोठा रोहित अंगाने बराचसा पांढरा असतो, त्यावर फिकट गुलाबी छटा. खरा लाल-गुलाबी भडका पंखांत असतो, तो पंख उघडल्यावर दिसतो. पिल्लं तर राखाडी-तपकिरी. आता एखाद्याने पूर्ण थव्याला गुलाबजामच्या पाकासारखा गुलाबी रंग दिला, की पक्षी ओळखणारा परीक्षक फोटोपुढे दोन सेकंदही थांबत नाही. एकही पीस काढलं-घातलं नाही हे खरं, पण ‘दिसायला नैसर्गिक’ या अटीत तो फोटो बसत नाही.

हिरव्याचंही असंच. पावसाळ्यात बालाघाटच्या डोंगरांचा हिरवा पोपटी-पिवळसर असतो. तो कोकणातल्या भातखाचरासारखा गडद झाला की गाव कुठलं हेच कळेनासं होतं.

सहावी पायरी: कडेवरचे फिल्टर

‘एचडीआर स्केप’ आणि ‘ड्रामा’ ही जोडी आपल्याकडे फार लाडकी. दोन्ही जागोजागचा कॉन्ट्रास्ट वाढवतात, ढग फुगवतात. देवगिरी किल्ल्याच्या कड्याभोवती आभाळात पांढरट कडा उमटली की समजायचं, हात जड झाला. खुल्या विभागात वापरायचं तर तीव्रता तीसच्या आत ठेवा. निसर्ग आणि वृत्त विभागांत मी तरी वापरू नका असंच सांगेन. नियमात एचडीआर चालतं हे खरं. पण तिथे अभिप्रेत आहे ती वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम जोडून उजेडाचा पल्ला सांभाळण्याची पद्धत, फिल्टरने दिलेला तसा आव नाही.

‘विग्नेट’ हलकी असेल तर खपते. फोटो लहान करून बघितल्यावर कोपरे काळे आहेत हे जाणवलं, तर जास्त झाली. ‘ग्लॅमर ग्लो’ खुल्या विभागापुरता. ‘व्हिंटेज’ आणि ‘ग्रेनी फिल्म’ रंगछटा बदलतात, खुल्यात हरकत नाही. ‘रेट्रोलक्स’ आणि ‘ग्रंज’ मात्र फोटोवर ओरखडे, डाग, उजेडाचे पट्टे आणून टाकतात. ते तुमच्या कॅमेऱ्याने टिपलेले नसतात. क्रिएटिव्ह सोडून कुठेही नको. ‘लेन्स ब्लर’चा हिशेब पोर्ट्रेट मोडसारखाच.

‘हीलिंग’बद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण विजेच्या तारा. उदगीरच्या किल्ल्याचा फोटो असो की गल्लीतल्या जुन्या वाड्याचा, चौकटीत कुठूनतरी तार येतेच, आणि बोट आपोआप हीलिंगकडे जातं. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका पुसणं आणि तार पुसणं यांत साधन एकच आहे, पण ठिपका कॅमेऱ्यात होता आणि तार गावात आहे. पहिलं सगळीकडे चालतं. दुसरं निसर्ग, वृत्त आणि प्रवास विभागांत चालत नाही. खुल्यात चालतं, पण विषय ‘वारसा’ असेल तर मी तिथेही पुसणार नाही. दोन पावलं डावीकडे सरकून, खाली बसून किंवा पहाटे येऊन तार टाळता येते. नाहीच टळली तर राहू द्या.

कचऱ्याची पिशवी, शेजारच्या माणसाची कोपर, मागची दुचाकी, पक्ष्यासमोर आलेली काडी यांनाही हाच न्याय.

सातवी पायरी: ज्याला हात लावायचा नाही

आकाश बदलणं, माणूस किंवा पक्षी वाढवणं, ‘मॅजिक इरेजर’सारख्या साधनांनी वस्तू गायब करणं, ‘एक्सपांड’ने चौकट वाढवणं. शेवटच्या प्रकारात चौकटीबाहेरचा भाग ॲप कल्पनेने रचतं, पण नावावरून ते क्रॉपच्या उलट काहीतरी निरुपद्रवी वाटतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. ‘हेड पोज’ तर चेहऱ्याची दिशाच फिरवतं. वासुदेवाची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती तर ती नव्हती. चौकट, नाव, तारीख, सही, सुविचार यांतलं फोटोवर काहीही नको.

एआयबद्दल दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एआयच्या मदतीने नॉइज कमी करणं हे बहुतेक ठिकाणी नॉइज कमी करण्यातच धरलं जातं. वाक्य लिहून चित्र बनवून घेणं, किंवा फोटोचा एखादा भाग तसा बनवून घेणं, हे छायाचित्रण स्पर्धेत बसत नाही. २०२३ साली सोनी वर्ल्ड फोटोग्राफी पुरस्कारांत बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने एआयने बनवलेलं चित्र पाठवलं, ते खुल्या स्पर्धेच्या क्रिएटिव्ह गटात निवडलंही गेलं, आणि मग त्याने स्वतःच बक्षीस नाकारलं. त्याला दाखवून द्यायचं होतं की परीक्षक यासाठी तयार नाहीत. आता ते बरेच सावध झाले आहेत. जिल्हा पातळीवरच्या पोस्टरवरही ‘एआय फोटो बाद’ ही ओळ दिसू लागली आहे. फाइलच्या माहितीत कोणत्या सॉफ्टवेअरने हात लावला याची नोंद राहू शकते, हेही विसरू नका.

कृष्णधवल विभागाचा एक वेगळाच सापळा

‘मोनोक्रोम’ विभागाच्या ‘फियाप’च्या व्याख्येत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा बसतात. पूर्ण फोटोला एकच रंगछटा, समजा सेपिया, दिली तरी तो मोनोक्रोमच राहतो. पण काही भाग करडा आणि काही रंगीत असा फोटो व्याख्येप्रमाणे रंगीत ठरतो. सगळं कृष्णधवल आणि कपाळावरचं कुंकू तेवढं लाल, किंवा पैठणीचा काठ तेवढा जरीचा, असे फोटो दर स्पर्धेत येतात आणि दर वेळी बाद होतात. शिवाय, माझं मत विचाराल तर, ती युक्ती आता फार जुनी झाली.

कृष्णधवल करताना ॲपमधले लाल, पिवळा, हिरवा हे रंगीत फिल्टर खुशाल वापरा. लाल फिल्टर निळं आभाळ काळवंडवतो आणि ढग उठावदार करतो. फिल्मच्या काळापासून लेन्सपुढे काच लावून हेच केलं जायचं. शेतकऱ्याच्या रापलेल्या चेहऱ्यावर लाल फिल्टर त्वचा उजळ, निर्जीव करतो, तिथे हिरवा चांगला.

फोटोखालची ओळ

फिल्टर एकही न वापरता फोटो बाद होऊ शकतो. २०१५च्या वर्ल्ड प्रेस फोटोमध्ये उपांत्य फेरीत पोचलेल्या प्रवेशिकांपैकी सुमारे २० टक्के एडिटिंगमुळे बाहेर गेल्या, हे गाजलं. त्याच वर्षी जोव्हानी त्रोइलो या छायाचित्रकाराचं बक्षीस मात्र चुकीच्या माहितीमुळे गेलं, कारण एक फोटो त्याने लिहिलेल्या गावात काढलेलाच नव्हता. लंडनच्या त्या वन्यजीव स्पर्धेतही २०१८ साली मुंगीखाऊचा एक विजेता फोटो रद्द झाला, कारण परीक्षणाअंती तो प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला. तो निकाल एडिटिंगवर नव्हे, पेंढा भरलेल्या नमुन्याशी केलेल्या तुलनेवर ठरला.

म्हणून ठिकाण, महिना आणि काय चाललंय ते खरं लिहा. नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा असेल तर ‘यंदाचा पाऊस’ या विषयात तो जात नाही. ‘उसाच्या फडातली माय’ म्हणून पाठवलेली बाई मुद्दाम उभी केलेली असेल तर तसं लिहा किंवा वृत्त विभाग सोडा.

आठवी पायरी: फाइल बाहेर काढणं आणि पाठवणं

एक्स्पोर्ट करताना जेपीईजी, क्वालिटी ९० च्या वर, रंगांसाठी एसआरजीबी ही नेहमीची रंगपद्धत. ॲडोब आरजीबी या दुसऱ्या पद्धतीत पाठवलेला फोटो आयोजकांच्या साध्या संगणकावर मळकट दिसू शकतो. लांब बाजू किती पिक्सेल हवी आणि फाइल किती एमबीपर्यंत हवी हे पोस्टरवर असतं, ते पाळा. लहान फाइल ओढून मोठी करू नका.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर फोटो म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली कॅमेरा, तारीख, एक्स्पोजरची माहिती निघून जाते. ‘एचडी’ निवडलं तरी दाबला जातोच. गॅलरीचा स्क्रीनशॉट पाठवणारेही असतात. तो फोटो नव्हे. फाइलला नाव आयोजकांनी सांगितलं तसंच द्या. बरेच ठिकाणी परीक्षकांना नाव दिसू नये म्हणून फक्त क्रमांक मागतात.

प्रिंट मागितला असेल तर लॅबवाल्याला सांगा, ‘कलर करेक्शन करू नका, आहे तसा काढा.’ लग्नाच्या फोटोंच्या सवयीने तिथे चेहरे उजळले जातात आणि तुम्ही जपून ठेवलेला मावळतीचा पिवळा उजेड कात्रीत सापडतो. आधी एक छोटा प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा.

निवड झाली आणि मूळ फाइल मागितली तर

हा आरोप नाही, रीत आहे. मोठ्या स्पर्धांत अंतिम फेरीआधी रॉ किंवा कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागतातच, आता स्थानिक आयोजकही मागू लागलेत. मूळ फाइल, तिच्या शेजारच्या दोन फ्रेम आणि केलेल्या बदलांच्या चार ओळी पाठवा: ‘क्रॉप, शॅडो +१२, व्हाइट बॅलन्स थोडा उबदार, एक धुळीचा ठिपका पुसला.’ स्नॅपसीडमध्ये ‘व्ह्यू एडिट्स’ उघडलं की टप्पे ओळीने दिसतात, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवता येतो. ॲप बंद करण्याआधी काढा.

एखाद्या बदलाबद्दल मनात शंका असेल आणि आयोजकांचं उत्तर आलं नसेल, तर तो बदल काढून टाकलेली आवृत्ती पाठवा. फोटो त्यामुळे पडला तर एका गुणाने पडेल, बाद होणार नाही.

राहिला प्रश्न मूळ फाइल सापडण्याचा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप ‘स्टोरेज सेव्हर’वर असेल तर वर जाणारी प्रत दाबलेली असते. मग फोन भरला म्हणून ‘फ्री अप स्पेस’ दाबलं की फोनमधली मूळ प्रत जाते आणि दाबलेली तेवढी उरते. स्पर्धेला पाठवलेल्या फोटोंचं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर उतरवा, बॅकअप ‘ओरिजिनल क्वालिटी’वर ठेवा, आणि निकाल लागून प्रदर्शन उतरेपर्यंत ‘फ्री अप स्पेस’ दाबू नका.